शिकाऱ्याच्या अंगावरचा कोट कोणी शिवला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतला आर्क्टिकवरचा लेख वाचला. वितळणारा समुद्रबर्फ, जहाजांचे नवे मार्ग, भारताचे २०२२ चे आर्क्टिक धोरण, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरचे ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र आणि त्यामागे उभी असलेली वास्कोची आपली राष्ट्रीय ध्रुवीय संशोधन संस्था, हे सारे त्यात नीट आले आहे. आमची तक्रार आहे ती शेजारच्या छायाचित्राबद्दल. बर्फातल्या भोकापाशी वाकून सीलची वाट पाहणारा एक शिकारी, आणि खाली ओळ : ‘निसर्गाशी एकट्याने झुंजणारा एस्किमो’. बायकांविषयी अख्ख्या लेखात एकच वाक्य आहे : ‘स्त्रिया घर सांभाळतात व फावल्या वेळात हस्तकला करतात.’

तो माणूस एकटा नाही. डोक्यावरच्या टोपापासून पायाच्या तळव्यापर्यंत त्याच्या अंगावर जे आहे ते एका बाईने कापले, खरवडले, शिवले आहे. सील श्वास घ्यायला कधी वर येईल याचा भरवसा नसतो. उणे तीस अंशांत तासन्‌तास हलायचे नाही, आवाज करायचा नाही. नायलॉनचा कोट हाताच्या जराशा हालचालीने सळसळतो, कॅरिबूच्या, म्हणजे रानटी रेनडिअरच्या, केसाळ कातड्याचा कोट आवाज करत नाही. बुटाची एक शिवण उसवून आत पाणी गेले तर माणूस सील न घेता आणि कदाचित पायाची बोटे गमावून घरी येतो. त्या थंडीत शिकारीची निम्मी तयारी घरात, सुईदोऱ्याने होते. तिला ‘फावल्या वेळातली हस्तकला’ म्हणणे हा अन्याय आहे, आणि तो आपल्या वृत्तपत्राकडून अजाणता झाला आहे अशी आमची खात्री असल्यामुळेच हे लांबलचक पत्र.

आधी एक शब्द. कॅनडा आणि ग्रीनलँडमध्ये ‘एस्किमो’ हा शब्द आता वापरत नाहीत, तो अपमानकारक मानला जातो. ते स्वतःला इनुइट म्हणवतात, म्हणजे ‘माणसे’. एक असेल तर इनुक. (अलास्कातले युपिक लोक वेगळे, त्यांना इनुइट म्हणणेही चूकच.) आपल्या भूगोलाच्या पुस्तकांनी आपल्याला एस्किमो आणि इग्लू हे दोन शब्द दिले आणि तिथेच थांबवले. हिमाद्रीवर जाणाऱ्या आपल्या शास्त्रज्ञांनाही हे लोक तिथे भेटत नाहीत, कारण स्वालबार्डला मूळ रहिवासीच नाहीत. आम्ही लिहितो आहोत ते मुख्यतः कॅनडातल्या नुनावुतविषयी. १ एप्रिल १९९९ रोजी हा स्वतंत्र प्रदेश झाला. त्यात पंचवीस गावे आहेत, आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारा एकही रस्ता नाही.

थंडीचे कपडे कॅरिबूच्या कातड्याचे. त्याचा केस आतून पोकळ असतो, त्यात हवा कोंडलेली असते, म्हणून ऊब टिकते. पण कुठल्याही महिन्यातले कातडे चालत नाही. वसंतात त्यावर एका माशीच्या अळ्यांनी पाडलेली भोके असतात आणि जुने केस झडत असतात. भर हिवाळ्यात केस इतके लांब होतात की कोट अवजड होतो. भोके भरून आलेली आणि केस आखूड पण दाट, ही वेळ ऑगस्ट-सप्टेंबरात येते. त्या थोड्या आठवड्यांत कुटुंबाची वर्षाची कातडी जमवायची. एका प्रौढाच्या पूर्ण पोशाखाला साधारण सहा ते आठ कातडी लागतात. पोशाख दोन थरांचा : आतल्या सदऱ्याचे केस अंगाकडे, बाहेरच्या कोटाचे केस बाहेर. दोहोंच्या मध्ये हवेचा थर राहतो. पाडसाचे कातडे मऊ, ते मुलांच्या कपड्यांना. थोराड नराचे जाड, ते अंथरुणाला बरे. टोपाच्या कडेला वुल्व्हरिन नावाच्या प्राण्याची झालर लावतात, कारण श्वासाचे दव त्या केसांवर गोठले तरी हाताने झटकले की पडते. इतर केसाळ कातड्यांवर ते चिकटून बसते आणि गालाला भिडते. झालर शोभेसाठी आहे असे समजून तिच्या जागी कृत्रिम फर लावणाऱ्या शहरी कोटांचा तोटा खऱ्या थंडीत लगेच कळतो.

कोट वापरण्याचेही शिक्षण असते. घरात शिरण्याआधी काठीने अंगावरचा बर्फ झोडपून काढायचा. तो आत वितळला तर बाहेर पडल्यावर केसांत बर्फाचे खडे होतात आणि कातडे फाटते. आणि हा कपडा गरम खोलीत ठेवायचा नाही, ठेवला की केस झडू लागतात. आजची घरे हीटरने तापलेली असतात, म्हणून कित्येक कुटुंबे कॅरिबूचा पोशाख डीप फ्रीझरमध्ये, मांसाच्या शेजारी ठेवतात.

आता बूट. इथे जरा थांबावेसे वाटते, कारण या सगळ्या कामात सर्वांत कठीण काम हेच आहे. इनुइटांच्या इनुक्तितुत भाषेत एका बुटाला कामिक म्हणतात, जोडीला कामीक, आणि तीन किंवा अधिक असतील तर कामीत. संस्कृतासारखे द्विवचन त्या भाषेत आजही रोज बोलले जाते. मराठीने ते कधीच सोडून दिले.

बुटाच्या वरच्या भागाला लहान सीलचे, म्हणजे रिंग्ड सीलचे कातडे. तळाला दाढीवाल्या मोठ्या सीलचे, ज्याला ते उग्जुक म्हणतात. ते जाड आणि चिवट. सील सोलल्यावर कातड्याच्या आतल्या बाजूला चरबीचा जाड थर असतो. एक फळी तिरकी उभी करून तिच्यावर कातडे टाकतात आणि उलूने चरबी उतरवतात. उलू म्हणजे अर्धचंद्राकृती पात्याची, वर मधोमध मूठ असलेली बायकांची सुरी. आपल्याकडच्या चर्मकाराच्या रापीची ती लांबची बहीण वाटते. फरक मुठीच्या जागेचा. साध्या सुरीत जोर पात्याच्या एका टोकाला राहतो. उलूत हात पात्याच्या बरोबर वर येतो, मनगट वळत नाही, आणि पाते झोका दिल्यासारखे पुढेमागे फिरवता येते. पूर्वी पाते पाटीच्या दगडाचे किंवा तांब्याचे असे. आता पुष्कळदा जुन्या करवतीच्या पात्यातून कापून काढतात, कारण ते पोलाद धार चांगली धरते. मांस कापणे, कातडे खरवडणे आणि कपड्याचा काप, सगळे यानेच. कातडे कात्रीने कापले तर केसही कापले जातात आणि शिवणीवर टक्कल दिसते, उलूने मागच्या बाजूने चिरले तर केस शाबूत राहतात.

चरबी उतरवताना पाते किती तिरके धरायचे यावर सगळे अवलंबून असते. उभे धरले की कातड्याला चीर पडते. ओल्या कातड्यावर ती टाचणीच्या टोकाएवढी असते, दिसतही नाही, ताणल्यावर मात्र रुपयाच्या नाण्याएवढे भोक होते. भीतीने फार आडवे धरले की चरबीचा पातळ पापुद्रा मागे राहतो. तो नंतर पिवळा पडतो, खवट वास मारतो आणि तिथले कातडे तेलकट राहते. नवशिक्या या दोन चुकांच्या मध्ये बरेच दिवस अडकतात. मग कातडे साबणाच्या पाण्यात, पाणी बदलत बदलत धुवायचे. कडेने थोड्याथोड्या अंतरावर छोट्या चिरा पाडून, त्यांतून दोरी ओवून ते लाकडी चौकटीत ताणायचे आणि कोरड्या, थंड उन्हात वाळवायचे. वसंतातले दिवस याला उत्तम. वाळताना कातडे आक्रसते, म्हणून सुरुवातीलाच दोरी फार आवळली तर चिरा कडेपर्यंत फाटत जातात. सैल ठेवली तर सुरकुत्या राहतात.

पुढे निर्णय असतो केसांचा. कोरड्या थंडीत केसाळ कातड्याचा बूट चांगला, त्याचे केस खाली झुकतील असा काप घेतात म्हणजे बर्फ घसरून पडतो. वसंतात बर्फावर पाणी साचते तेव्हा केस काढलेल्या कातड्याचा बूट लागतो. केस उलूने तासले की खालची काळी साल शिल्लक राहते आणि तीच पाणी अडवते. गरम पाण्यात बुडवून केसांबरोबर ती सालही काढली आणि कोरड्या थंडीत उघड्यावर ठेवले तर पांढरेशुभ्र कातडे मिळते. दिसायला ते फार सुंदर, ग्रीनलँडच्या स्त्रियांच्या सणाच्या उंच बुटांत दिसते तसे. पण पाण्याला ते काळ्या कातड्याइतके टिकत नाही.

कोल्हापूरच्या वाचकांना एक गोष्ट चटकन समजेल. आपल्याकडे कातडे कमावायचे म्हणजे बाभळीची साल आणि हिरडा. नुनावुतच्या बहुतेक भागात झाडच उगवत नाही, मग साल कुठून येणार? तिथे घरी तयार केलेले कातडे खऱ्या अर्थाने ‘कमावलेले’ नसतेच. ते खरवडून, वाळवून, चोळून, तुडवून मऊ केलेले असते. म्हणून भिजून वाळले की ते पुन्हा पुठ्ठ्यासारखे कडक होते आणि पुन्हा मऊ करावे लागते. जुन्या पिढीतल्या बायका सकाळी नवऱ्याचे आणि मुलांचे बूट दातांनी चावून मऊ करत, आणि त्यापायी त्यांचे दात झिजून हिरड्यांना टेकत. हे काही गमतीचे दृश्य नव्हते, दर सकाळचे काम होते. आता बोथट खरवडणी आणि तत्सम अवजारे आहेत. पण ओला बूट हीटरपाशी ठेवू नये हा नियम तोच आहे. ठेवला की कातडे आक्रसते, तडकते, आणि शिवणीतला धागा तुटतो. सावकाश, थंडाव्यात वाळवायचा, अधूनमधून हाताने आकार द्यायचा.

शिवण कशी असते ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. तळाचा तुकडा पायापेक्षा मोठा कापतात. चवड्याशी आणि टाचेशी त्याला बारीक, सारख्या चुण्या घालून कडा वर वळवतात. त्यामुळे शिवण जमिनीला लागत नाही, पायाच्या बाजूला वर राहते. चुण्या असमान झाल्या तर बूट एका बाजूला कलतो. मग तळ आणि वरचा भाग जोडताना सुई एका कातड्यातून आरपार जाते, पण दुसऱ्याच्या निम्म्या जाडीतूनच फिरून परत येते. ही ओळ पूर्ण झाली की कडा दुमडून दुसरी ओळ उलट बाजूने तशीच घालतात. दोन ओळी मिळून बाहेरून आत थेट जाणारे एकही भोक उरत नाही. सुई चुकून आरपार गेली तर तो टाका उसवून उपयोग नसतो, भोक पडले ते पडले. धागा पारंपरिक रीतीने तातीचा, म्हणजे कॅरिबूच्या पाठीच्या कण्यालगतच्या चिवट पट्ट्याचा. तो पट्टा खरवडून वाळवतात आणि नखाने चिरून दोरे काढतात. ही तात पाण्याने फुगते आणि सुईचे भोक स्वतःच भरून टाकते. सुती धागा ओला झाल्यावर हे करू शकत नाही, आणि कुजतो. आज तात दुर्मीळ झाल्याने मेण लावलेला कृत्रिम धागा वापरतात, आणि दात साफ करायचा मेणाचा दोरासुद्धा. औषधांच्या दुकानात मिळणारा तो दोरा चिवट असतो, घसरतो चांगला आणि कुजत नाही. अंगुस्तान कातड्याचे असते आणि ते तर्जनीत घालतात. जाड कातड्यात सुई रेटायला तर्जनीचाच जोर लागतो.

बाळाला पाठीवर वागवायच्या कोटाला अमाउती म्हणतात. पाठीला मोठी पिशवी आणि भलामोठा टोप. बाळ आईच्या पाठीला बिलगून बसते, कमरेला बांधलेला पट्टा त्याला खाली घसरू देत नाही. खांदे मुद्दाम ढगळ ठेवलेले असतात, म्हणजे बाळाला आतल्या आत फिरवून पुढे घेता येते आणि थंडीचे वारे न लागता अंगावर पाजता येते. खांद्याचा काप अरुंद झाला तर कोट दिसतो तसाच, पण आईला बाळ बाहेर काढावे लागते आणि अमाउतीचा हेतूच संपतो. प्रत्येक भागाची अमाउती वेगळी, मागचा शेपटा आणि खालची कड पाहून बाई कुठल्या भागातली ते ओळखता येते.

आणि दिवा. कुल्लिक हा मऊ दगडाचा, अर्धचंद्राच्या आकाराचा दिवा बायकांचा. इंधन सीलच्या चरबीचे तेल, वात कापूसगवताच्या फुलाची आणि शेवाळाची. सरळ कडेवर वात पसरून काडीने सतत सारखी करत राहावी लागते, नाहीतर ती काजळी धरते. पूर्वी बर्फाच्या घरात उजेड, ऊब, पिण्यासाठी वितळवलेले पाणी, आणि वर टांगलेल्या जाळीवर वाळणारे बूट हे सगळे या एका दिव्यावर चाले. २६ जुलै २०२१ रोजी मेरी सायमन या इनुक बाई कॅनडाच्या गव्हर्नर जनरल झाल्या तेव्हा समारंभात कुल्लिक पेटवला गेला.

हे सगळे सविस्तर लिहिण्याचे कारण पुढे आहे. १९७० च्या दशकात कॅनडाच्या पूर्वेकडच्या न्यूफाउंडलँडच्या बर्फावर हार्प सीलच्या पांढऱ्या पिल्लांच्या व्यापारी शिकारीची छायाचित्रे जगभर गेली. लोक हळहळले आणि ते स्वाभाविक होते, त्या शिकारीवरच्या आक्षेपांना आम्ही खोटे म्हणत नाही. अमेरिकेने १९७२ च्या सागरी सस्तन प्राणी कायद्याने सीलच्या वस्तूंची आयात बंद केली. युरोपीय समुदायाने १९८३ मध्ये पिल्लांच्या कातड्यांवर बंदी घातली. २००९ मध्ये युरोपीय संघाने सीलच्या जवळजवळ सर्व वस्तूंचा व्यापार बंद करणारा नियम केला, तो २०१० मध्ये लागू झाला. युरोपच्या दोन्ही कायद्यांत इनुइटांसाठी सवलतीचे कलम होते. इनुइटांची शिकार त्या पांढऱ्या हार्प पिल्लांची नाही, ती मुख्यतः रिंग्ड सीलची, आणि मांस घरी-शेजारी वाटून खाल्ले जाते.

मग नुकसान का झाले? कारण कातड्याचा बाजार एकच होता. गिऱ्हाईकाने ‘सील’ हा शब्द ऐकला की तो दुकानातून बाहेर पडतो, कुठल्या कलमाखालचा सील आहे हे विचारत नाही. मागणी गेली तसे भाव पडले, आणि दूरच्या खेड्यातून आलेले एकेक कातडे हाताळणे कुणालाच परवडेना. रेझोल्यूट या उत्तरेकडच्या गावाचे कातड्यांचे उत्पन्न १९८२ मध्ये सुमारे ५४ हजार डॉलर होते, ते १९८३ मध्ये सुमारे एक हजारावर आले. त्या पैशातून पेट्रोल आणि काडतुसे येत. ती न आल्याने शिकार कमी झाली, शिकार कमी झाल्याने ताटातले मांस कमी झाले, आणि बाईच्या फळीवर येणारे कातडेही कमी झाले. जागतिक व्यापार संघटनेने २०१४ मध्ये बंदीचे तत्त्व मान्य केले, पण इनुइट सवलत ज्या पद्धतीने राबवली जात होती तिच्यावर बोट ठेवले, कारण तिचा फायदा प्रत्यक्षात ग्रीनलँडलाच मिळत होता. कातडे इनुइट शिकारीचेच आहे असा दाखला देणारी संस्था म्हणून नुनावुतच्या सरकारला मान्यता मिळाली ती २०१५ मध्ये. १९८३ नंतर बत्तीस वर्षांनी! एवढ्या काळात एक आख्खी पिढी कातडे न खरवडता मोठी होते.

आपल्या वाचकांत अनेक जण शाकाहारी आहेत, त्यांना हे वाचणे जड जाईल याची कल्पना आहे. पण जिथे जमीन बारमाही गोठलेली आहे तिथे ज्वारी-बाजरी पिकत नाही. बाहेरचा भाजीपाला विमानाने येतो आणि त्याचा भाव सामान्य कुटुंबाला पेलत नाही. जड सामान उन्हाळ्यात बर्फ फुटल्यावर जहाजाने येते. सील न मारल्याने तिथला माणूस अहिंसक होत नाही, तो दक्षिणेकडच्या कारखान्यातले गोठवलेले कोंबडीचे मांस आणि खनिज तेलापासून बनलेला कोट विकत घेतो.

दुसरा घाव शिकण्याच्या साखळीवर बसला. शिवण पाहून शिकायची असते. मुलगी सात-आठ वर्षांची असताना बाहुलीचे कपडे शिवते, उरलेल्या तुकड्यांवर हात बसवते, मग हातमोजे, मग बूट. विसाव्या शतकाच्या मध्यावर सरकारने मुलांना घरापासून दूर निवासी शाळांत नेले. नेमकी हीच वर्षे गेली. त्यातल्या पुष्कळ मुली परतल्या तेव्हा आईची भाषाही तुटक झाली होती, मग टाका कोण आणि कुठल्या शब्दांत समजावणार? आज नुनावुतची राजधानी इकालुइत इथल्या नुनावुत आर्क्टिक कॉलेजात फर शिवण्याचा अभ्यासक्रम आहे. प्रदेशाचे सरकार शिकाऱ्यांकडून कातडी घेऊन, बाहेर कमावून आणून, स्थानिक शिवणाऱ्यांना विकते. हे चांगलेच आहे, पण कारखान्यात कमावलेले कातडे हातमोजे, पिशव्या, जाकिटे यांना ठीक, पाण्यातल्या बुटाला घरचेच लागते. आणि घरचे कातडे तयार करायला जागा हवी. घरांची टंचाई इतकी की एका छोट्या घरात तीन पिढ्या राहतात. चरबी उतरवायची कुठे, चौकट उभी करायची कुठे? कुणी न्हाणीघरातल्या टबात कातडी धुते, कुणी बाहेर पत्र्याच्या खोलीत बसते. गावात एक सामाईक, गार, पाण्याची सोय असलेली खोली मिळाली तर किती फरक पडेल हे कुठल्याही शिवणाऱ्या बाईला विचारा. आमच्या मते अनुदानाच्या कुठल्याही योजनेपेक्षा ही खोली आधी हवी.

कॅरिबूचेही तेच. नुनावुतमधल्या बॅफिन बेटावरचे कळप २०१४ च्या मोजणीत पाच हजारांच्या आत आलेले दिसले. २०१५ च्या जानेवारीत शिकार पूर्ण थांबवली, नंतर सुरुवातीला वर्षाला २५० नर एवढीच परवानगी दिली. कळप वाचवायला हे करणे भाग होते. पण फक्त नर म्हणजे पाडसाचे मऊ कातडे नाही, आणि म्हणजे मुलांचा आतला सदरा दुसऱ्या भागातून मागवलेल्या कातड्याचा किंवा मग कापडाचा.

आता जो भाग मराठी वाचकाला सर्वांत जवळचा आहे तो. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये आपली कोल्हापुरी चप्पल नाव न घेता मिरवली गेली आणि महाराष्ट्रभर संताप झाला. कोल्हापुरीला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे, पण ते नावाचे रक्षण करते, आकाराचे नाही, हेही तेव्हा सगळ्यांना कळले. इनुइट स्त्रिया या वाटेवर आपल्या आधी चालल्या आहेत. पाउक्तूतित ही कॅनडातल्या इनुइट स्त्रियांची संघटना १९८४ पासून काम करते. १९९९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका फॅशन कंपनीची माणसे जुने कपडे नमुन्यासाठी विकत घेत पश्चिम आर्क्टिकमध्ये फिरली, तेव्हा संघटनेने आक्षेप घेतला. २००१ च्या मे महिन्यात नुनावुतमधल्या रँकिन इनलेट येथे ठिकठिकाणच्या शिवणाऱ्या एकत्र बसल्या आणि प्रश्न मांडला : अमाउती कोणा एकीची नाही, सगळ्या इनुइट स्त्रियांची आहे. एका मालकाच्या नावाने चालणाऱ्या पेटंट-कॉपीराइटच्या कायद्यात ती बसवायची कशी? २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या एका कंपनीने शंभर वर्षांपूर्वीच्या एका इनुइट शामानच्या (मांत्रिकाच्या) कोटाची जवळजवळ हुबेहूब नक्कल स्वेटरवर छापून सातशेहून अधिक डॉलरना विकली. त्याच्या वंशजांनी आवाज उठवल्यावर ती मागे घेतली. उलट बाजूही आहे : २०१९ मध्ये कॅनडातल्या एका मोठ्या कोट-कंपनीने चौदा इनुइट स्त्रियांकडून एकेक कोट शिवून घेतला, डिझाइनचा हक्क त्यांच्याकडेच ठेवला आणि विक्रीचे पैसे इनुइटांच्या राष्ट्रीय संघटनेला दिले. म्हणजे करायचे मनात असेल तर रीत सापडते.

कंपनीशिवायही रीत सापडते. अलास्कात १९६९ पासून ऊमिंगमाक ही विणकरणींची सहकारी संस्था आहे, तिच्या दोनशेहून अधिक मूळनिवासी स्त्रिया सभासद आहेत. कस्तुरी बैलाची वसंतात गळणारी आतली लव विंचरून घेतात, तिला किविउत म्हणतात. मेंढीच्या लोकरीपेक्षा ती पुष्कळ उबदार आणि पाण्यात आटत नाही. सूत टपालाने गावोगावी जाते, बाई घरी बसून, शिकार-मासेमारीच्या हंगामाला धक्का न लावता विणते, आणि विणलेले टपालानेच परत पाठवते. मजुरी टाके मोजून ठरते, त्यामुळे घासाघीस नाही. प्रत्येक गावाची नक्षी वेगळी, मेकोर्युक गावाची भाल्याच्या टोकाची आहे. नक्षी गावाची आहे आणि गावाबाहेर ती विणली जात नाही. आपल्याकडे बचत गटांतून शिवणकाम-विणकाम चालवणाऱ्यांनी या टाके मोजण्याच्या पद्धतीकडे जरूर पाहावे.

शेवटी विनंती. त्या छायाचित्राखालची ओळ आपण पुढच्या अंकात दुरुस्त करावी. ‘एकट्याने’ हा शब्द काढावा, ‘एस्किमो’ च्या जागी ‘इनुक’ घालावा, आणि छायाचित्र पुरवणाऱ्या संस्थेकडून माहिती मिळत असेल तर कोट आणि बूट शिवणाऱ्या बाईचे नाव तिची परवानगी घेऊन छापावे. संग्रहालयांत असे कोट काचेमागे ठेवतात तेव्हा ज्या प्रवाशाने ते आणले त्याचे नाव पाटीवर असते, शिवणारीचे क्वचित. वृत्तपत्राला तेवढे करणे अवघड नाही. नाव मिळालेच नाही, तर निदान ‘घरी शिवलेला, कॅरिबूच्या कातड्याचा दुपदरी कोट’ एवढे तरी लिहावे.

आपल्या नियमित वाचक,
चर्मकाम व शिवणकाम शिकवणाऱ्या दोघी,
कोल्हापूर